परसबागेंत रोप केव्हां टाकावें ?

परसबागेचा विषय निघाला म्हणजे वर्गांत नेहमीं दोन प्रश्न येतात. खत कोणतें घालावें, हा एक. आणि पाणी किती द्यावें, हा दुसरा. बीं केव्हां टाकावें, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो; कारण त्याचें उत्तर आपणांस ठाऊकच आहे असें प्रत्येकास वाटत असतें. मृग लागला कीं पेरावें, आणि पोळा झाला कीं हिंवाळी भाजीच्या तयारीला लागावें, हें उत्तर आर्णीच्या कोणत्याहि घरीं मिळेल. ह्या उत्तराचा पहिला भाग अर्धाच खरा आहे, आणि दुसरा भाग दर दोन-तीन वर्षांनीं माणसाला फसवितो. तो कसा, हें सांगण्याचा आमचा विचार आहे. पालकमंडळींनींहि हा लेख वाचावा अशी विनंती आहे. कारण परसांतील वाफा मुलगा खणतो खरा, पण बियाण्याची पुडी घरचीं वडील माणसेंच आणतात.

वेळ चुकली तर काय होतें, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. वेळ चुकलेलें रोप मरतेंच असें नाहीं. मेलें तर एका परीनें बरें. वाफा तरी मोकळा होतो. तें जगतें, वाढतें, हिरवेंगार दिसतें, रोज पाणी पितें, आणि फळ देत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत फुलांनीं भरलेलें टोमॅटोचें झाड पुष्कळांनीं पाहिलें असेल. फुलें येतात आणि देठासुद्धां गळून पडतात. झाडाला रोग नसतो, खतहि कमी पडलेलें नसतें. दिवसाचें उष्णमान ३५ अंशांच्या वर गेलें व रात्रहि गार झाली नाहीं, म्हणजे टोमॅटोच्या फुलांतील पराग निकामी होतो आणि फळ धरत नाहीं. एवढेंच त्याचें कारण. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या आसपास, व कधीं त्याहूनहि वर असतो. अशा वेळीं त्या झाडाला घातलेली प्रत्येक घागर वाया जाते, आणि तीहि अशा महिन्यांत, कीं जेव्हां विहिरीचा तळ दिसूं लागलेला असतो.

मोठ्या माणसानें रोज निदान ४०० ग्रॅम भाजीपाला व फळें खावीं असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. पांच माणसांच्या घराला म्हणजे रोज दोन किलो. एवढें सारें बाजारांतून आणणें किती घरांस परवडतें, हें पालकांस आम्हीं सांगावयास नको. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या अंगांत रक्त कमी असल्याचें आढळून आलें. तेव्हां परसांतला पालेभाजीचा वाफा हा केवळ हौसेचा विषय नव्हे.

बागकामावरील पुष्कळशीं इंग्रजी पुस्तकें रोपें केव्हां टाकावीं याचा हिशेब एका रात्रीवरून करितात. ती रात्र म्हणजे हिंवाळा संपतांना दंव गोठण्याची शेवटची रात्र. तिच्या सहा ते आठ आठवडे आधीं घरांत, खिडकीशीं, टोमॅटोचें बीं रुजत घालावें असें तीं सांगतात. ह्या पद्धतींतील एक गोष्ट आपण अवश्य उचलावी. ती म्हणजे उलट मोजण्याची. रोप कोणत्या दिवशीं बागेंत जावयास हवें तें प्रथम ठरवावयाचें, आणि तेथून रोपाच्या वयाइतके दिवस मागें यावयाचें. परंतु ज्या खुंटीवर त्यांचा हिशेब टांगलेला आहे ती खुंटी आपल्या भिंतीला नाहीं. अरुणावतीच्या कांठीं दंव गोठून रोपें मरण्याचें भय कोण बाळगतो ? येथें भय आहे तें पावसाचें, उन्हाचें, व आटत्या पाण्याचें. म्हणून आपली खुंटी आपणच शोधली पाहिजे.

ती आपल्या दिनदर्शिकेंतच आहे. दिनदर्शिकेंत दोन घड्याळें एकत्र चालत असतात. एक मुख्यतः चंद्राचें. त्यावरून पोळा, दसरा, दिवाळी हे सण येतात. दुसरें सूर्याचें, त्यावरून मृग, आर्द्रा, मघा, हस्त हीं पावसाचीं नक्षत्रें येतात. सूर्य ज्या नक्षत्रांत असेल तें त्या दिवसांचें नक्षत्र. नक्षत्रें सत्तावीस, म्हणून एकेकाच्या वांट्याला सुमारें साडेतेरा दिवस. मृग दरवर्षीं ७ किंवा ८ जूनला लागतो, मघा १६ किंवा १७ ऑगस्टला, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास. एका दिवसाहून अधिक फरक पडत नाहीं. चंद्राच्या महिन्यांना अशी शिस्त नाहीं. बारा चांद्रमास सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं कमी भरतात, व ती तूट भरून काढण्यास दोन-तीन वर्षांनीं अधिकमास घ्यावा लागतो. सन २०२५ मध्यें पोळा २२ ऑगस्टला आला. सन २०२३ मध्यें, अधिक श्रावणामुळें, तो १४ सप्टेंबरला आला होता. अंतर तेवीस दिवसांचें. आतां फुलकोबीचें किंवा टोमॅटोचें रोप वाफ्यांत राहतें तेंच मुळीं पंचवीस ते तीस दिवस. म्हणजे पोळ्यावर भरंवसा ठेवणाऱ्याचें रोप एका वर्षीं जेव्हां लावणीला आलेलें असतें, त्याच तारखेला दुसऱ्या वर्षीं त्याचें बीं पुडींतून नुकतेंच बाहेर निघत असतें. झाडाला पोळा कळत नाहीं. त्याला ऊन कळतें, रात्रीचा गारवा कळतो, दिवसाची लांबी कळते. आणि ह्या तिन्ही गोष्टी सूर्याच्या हातच्या आहेत.

(गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं जातां जातां एक गोष्ट. नक्षत्राची तारीखहि अगदीं अचल नाहीं. पृथ्वीचा आंस भोंवऱ्याच्या आंसाप्रमाणें सावकाश फिरतो, त्यामुळें सुमारें सत्तर वर्षांनीं नक्षत्र एक दिवस पुढें सरकतें. सातशें वर्षांपूर्वींचा मृग आजच्याहून किती दिवस आधीं लागत असे, तें काढून पाहावें. आपल्या बागेच्या हिशेबाला मात्र ह्यानें बाध येत नाहीं.)

आम्हांस नवल वाटतें तें ह्याचें, कीं नक्षत्रांचा उपयोग आपण नेमका तेथें करितों जेथें तीं सर्वांत कमी उपयोगीं पडतात, म्हणजे पावसासाठीं. सूर्य मृगांत ठरल्या दिवशीं शिरतो. ढग शिरत नाहींत. एका वर्षीं पाऊस मृगाच्या पहिल्या चरणांत येतो, दुसऱ्या वर्षीं आर्द्रा कोरड्या जातात. कृषि खात्याचा सल्ला असा आहे कीं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमींन चांगली भिजल्यावांचून पेरणी करूं नये. हें मोजण्यास यंत्र लागत नाहीं. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा एक डबा अंगणांत उघड्यावर ठेवावा, आणि रोज सकाळीं फूटपट्टीनें पाणी मोजून वहींत लिहून ओतून द्यावें. बेरीज शंभर मिलिमीटरांच्या जवळ आली कीं भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, दोडका, कारलें, काकडी हीं बेलाशक जमिनींत घालावीं. ह्यांना रोपवाफ्याची गरज नाहीं. किंबहुना भेंडी-गवारीचें सोटमूळ उपटून लावणें मानवत नाहीं. पावसाळी भाजीविषयीं याहून जास्त लिहिण्याची जरूरी वाटत नाहीं. ती आपल्या घरोघर चांगली पिकते.

वांगीं व मिरच्या ह्यांची गोष्ट मात्र निराळी. मिरचीचें रोप चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनीं लावणीला येतें, वांग्याचें पस्तीस ते चाळीस दिवसांनीं. पावसाची वाट पाहून मग बीं टाकलें तर लावणी ऑगस्टांत जाते. म्हणून त्यांचें बीं रोहिणी लागतांच, म्हणजे २५ मेच्या पुढें चार-आठ दिवसांत, सावलीच्या वाफ्यावर टाकावें. दोन घागरी पाण्यांत हात-दीड हात वाफ्याचें भागतें. हें काम मुलांनीं आपल्या अंगावर घेण्यासारखें आहे. विदर्भांतील शाळा उन्हाळ्यामुळें इतर महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. तोंवर रोप चांगलें चार बोटें झालेलें असतें. पाऊस लांबला तर वांग्याचें रोप आठ-दहा दिवस थांबतें. टोमॅटोचें थांबत नाहीं, तें उंच व किडकिडीत होतें. म्हणून पावसाळी टोमॅटो लावावयाचाच असेल तर बीं एकदम न टाकतां पंधरा दिवसांच्या अंतरानें दोनदां टाकावें.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. आर्णीच्या परसबागेचा खरा हंगाम हिंवाळ्याचा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आकाश स्वच्छ असतें, विहिरीला पाणी असतें, व रात्री उत्तरोत्तर गार होत जातात. टोमॅटो, ज्याला आपल्या बाजारांत टमाटर म्हणतात, फुलकोबी, पानकोबी, वाटाणा, गाजर, मुळा, पालक, मेथी, आणि आपण जिला सांभार म्हणतों ती कोथिंबीर, हें सारें ह्याच चार महिन्यांत थोड्या श्रमानें येतें. पण चार महिने म्हणजे एकशेंवीस दिवस. मध्यम जातीच्या फुलकोबीला लावणीपासूनच जवळजवळ तीन महिने लागतात. थंडी पडल्यावर जो बीं टाकतो त्याच्या हातीं थंडी संपतांना फूल येतें, आणि तोंवर तें उन्हानें पिंवळें पडून विस्कटूं लागतें. ज्याला थंडीचे चारहि महिने उपयोगीं आणावयाचे आहेत त्यानें बीं थंडींत टाकून चालणार नाहीं. तें पावसांतच टाकलें पाहिजे. हीच गोष्ट मनाला पटत नाहीं. अंगणांत चिखल असतो, आकाशांत मळभ असतें, आणि त्या वेळीं नाताळच्या फुलकोबीचा विचार कोणाच्या डोक्यांत यावा ?

एक उदाहरण सोडवूं. नाताळच्या दिवशीं, म्हणजे २५ डिसेंबरला, फुलकोबी स्वयंपाकघरांत हवी आहे. लावणीपासून फूल तयार होण्यास ८५ दिवस धरूं. तेव्हां लावणी १ ऑक्टोबरला झाली पाहिजे. रोप वाफ्यांत २८ दिवस राहणार. म्हणजे बीं ३ सप्टेंबरला टाकावयाचें. त्या दिवशीं सूर्य पूर्वा नक्षत्रांत असतो. तें ३० किंवा ३१ ऑगस्टला लागतें आणि १३ सप्टेंबरला उत्तरा लागेपर्यंत चालतें. पूर्वांत बीं, हस्तांत लावणी, असें हें गणित एकदां पाठ करून ठेवलें कीं पोळा कोणत्याहि तारखेला येवो. टोमॅटो व पानकोबी ह्यांचें बींहि ह्याच पंधरवड्यांत टाकावें. त्यांचा हिशेब जवळजवळ हाच आहे.

फुलकोबीची जात मात्र पुडीवर वाचून घ्यावी, कारण सगळ्या वनस्पतींत वेळेविषयीं इतकी हट्टी वनस्पति दुसरी क्वचितच असेल. लवकर येणाऱ्या जाती, उदाहरणार्थ पूसा दीपाली, पंचवीस अंशांच्या आसपासच्या उबेंतहि फूल धरितात. उशिरा येणाऱ्या स्नोबॉल वर्गाच्या जातींना दहा ते सोळा अंशांचा गारवा पाहिजे. लवकरची जात उशिरा लावली तर झाड लहान असतांनाच सुपारीएवढें फूल येऊन संपतें. उशिराची जात लवकर लावली तर पानांमागून पानें येतात, फूल येत नाहीं. आपल्याकडील थंडी फार दिवस टिकत नाहीं. म्हणून आर्णीस लवकरच्या व मध्यम जातीच बऱ्या. दुकानदार हातीं देईल ती पुडी घेऊन येऊं नये.

ह्या भाजीचा इतिहासहि मौजेचा आहे. फुलकोबी मूळची आपली नव्हे. सन १८२२ मध्यें इंग्लंडांतून तिचें बीं सहारनपूरच्या कंपनीबागेंत आलें असें वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. पुढें उत्तर हिंदुस्थानांतील माळ्यांनीं वर्षानुवर्षें, जीं झाडें उन्हाला व पावसाला टिकलीं त्यांचेंच बीं धरून, तिच्या उबेंत येणाऱ्या जाती तयार केल्या. म्हणजे जी भाजी थंड मुलखाबाहेर येत नव्हती तिला आपल्या माळ्यांनीं भाद्रपद सोसावयास शिकविलें. त्याच्या दोनच वर्षें आधीं, सन १८२० मध्यें, विल्यम केरी ह्यांनीं बंगाल्यांत भारतीय कृषि व उद्यानविद्या मंडळ स्थापिलें होतें. केरींचें मराठी व्याकरण सन १८०५ मध्यें प्रसिद्ध झालें, हें भाषेच्या तासाला आपण ऐकतों. ते पक्के माळीहि होते हें फारसें कोणी सांगत नाहीं.

पावसांत रोप टाकावयाचें तर तें जगवावें कसें ? आपली काळी जमींन कपाशीला उत्तम, पण रोपवाफ्याला प्रतिकूल. भिजली कीं फुगते व पाणी धरून बसते, वाळली कीं तिला भेगा पडतात, आणि कोंवळें मूळ दोन्हीकडून मारलें जातें. म्हणून वाफा जमिनीच्या वर उचललेला असावा. ह्यालाच गादीवाफा म्हणतात. हातभर रुंद, दोन हात लांब, वीतभर उंच एवढी गादी एका घराला पुरे. मातीच्या निम्मी नदीची वाळू व निम्में चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर उथळ रेघा ओढून त्यांत बीं पातळ टाकावें, वर चाळलेलें खत भुरभुरावें, व गवतानें झांकावें. पानकोबीचें व फुलकोबीचें बीं चार-सहा दिवसांत वर येतें, टोमॅटोचें पांच ते आठ, वांग्याचें सात ते दहा, मिरचीचें आठ ते बारा दिवसांत. पहिला कोंब दिसतांच गवत त्याच संध्याकाळीं काढावें. दोन दिवस उशीर झाला तर रोपें पिंवळीं पडून लांबतात. वर कामट्यांच्या कमानी करून पारदर्शक प्लॅस्टिक घालावें, पण बाजू उघड्या ठेवाव्या. रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवें पडतें, त्यास रोप कोलमडणें म्हणतात. हा जमिनींतील बुरशीचा रोग असून दाट पेरणी व तुंबलेलें पाणी हीं त्यास आमंत्रणें आहेत. पाणी सकाळींच झारीनें द्यावें. संध्याकाळीं दिलेलें पाणी रात्रभर तसेंच राहतें आणि बुरशीला तेंच हवें असतें.

लावणीच्या चार-पांच दिवस आधीं पाणी कमी करावें, म्हणजे रोप राठ होतें. लावणी उन्हें उतरल्यावर करावी. ऑक्टोबरांतील दुपार फार कडक असते. म्हणून प्रत्येक रोपाच्या पश्चिमेस पळसाची पानाळ डाहाळी चार दिवस खोंचून ठेवावी. सहा आठवड्यांहून जुनें झालेलें फुलकोबीचें रोप कोणी फुकट दिलें तरी लावूं नये.

थेट पेरावयाच्या भाज्यांना हस्त नक्षत्र लागूं द्यावें. मुळा, पालक, मेथी ऑक्टोबरच्या आरंभीं पेरावीं. गाजर, वाटाणा व लसूण चित्रा लागल्यावर, म्हणजे १०-११ ऑक्टोबरनंतर. वाटाण्यानें घाई केली कीं जमींन गरम असल्यामुळें त्याचीं मुळें कुजतात. मेथी व सांभार सारीं एकदम न पेरतां दर दहा-बारा दिवसांनीं एक-एक ओंजळ पेरावीं, नाहींतर एका आठवड्यांत खाऊन कंटाळा, व पुढें महिनाभर कांहींच नाहीं. धने लाटण्यानें रगडून दोन फांका करून पेरावे. कांद्याचें रोप ऑक्टोबरच्या मध्यापुढें टाकावें व पन्नास दिवसांनीं डिसेंबरांत लावावें. कांद्याला लवकर केलें तर थंडी पडेपर्यंत त्याचें रोप जाड होतें, आणि गांठ धरण्याऐवजीं तो डेंगळे फेंकतो.

दिवसाच्या लांबीचा उल्लेख वर आला आहे, त्याचें उदाहरण वाल देतो. आपल्या जुन्या गांवठी वालाचा वेल जूनमध्यें लावा कीं ऑगस्टमध्यें लावा, फूल यावयाचें तें दिवस लहान झाल्यावरच. आर्णीच्या अक्षांशावर जूनमध्यें सर्वांत मोठा दिवस सुमारें १३ तास २० मिनिटांचा, व डिसेंबरमध्यें सर्वांत लहान सुमारें १० तास ५५ मिनिटांचा असतो. एवढ्याशा फरकावरून वाल आपला महिना ओळखतो. कुंपणावर चार महिने नुसतीं पानें पाहून कित्येकजण वेल वांझ म्हणून कापून टाकतात. तो वांझ नसतो. सूर्याची वाट पाहत असतो. आतां बाजारांत कोणत्याहि ऋतूंत येणाऱ्या बुटक्या जाती मिळतात, त्यांना हा नियम लागू नाहीं.

आपण कपाशीच्या मुलखांत राहतों, ही गोष्ट परसबागेंत विसरून चालत नाहीं. भेंडी व अंबाडी ह्या कपाशीच्या सख्ख्या नात्यांतल्या. कपाशीवरचे तुडतुडे व ठिपक्यांची बोंडअळी भेंडीवर येतात. पांढरी माशी कपाशीवरून उडून मिरची-टोमॅटोवर बसते आणि पानें आंकसविणारा रोग देऊन जाते. रोपवाफ्यावर बारीक जाळी बांधणें हा त्यावर स्वस्त व खात्रीचा उपाय आहे, कारण हा रोग कोंवळेपणीं लागला तरच फार नुकसान करितो. घरांत कपाशीच्या फवाऱ्याचें औषध उरलें आहे म्हणून तें वांग्यांवर मारणें, हा मात्र उपाय नव्हे. सन २०१७ च्या पावसाळ्यांत ह्याच यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्यांच्या घरांतील मुलें आज शाळांतून शिकत आहेत. मोनोक्रोटोफॉस हें औषध भाजीपाल्यावर वापरण्यास सरकारनें सन २००५ मध्येंच बंदी केली होती. औषधाचा रिकामा डबा धुवून त्यानें बागेला पाणी घालणें, हेंहि तितकेंच वाईट.

उन्हाळी भाजीविषयीं प्रथम पाण्याचा हिशेब करावा. डिसेंबरांत एका चौरस मीटर वाफ्याला रोज सुमारें तीन-चार लिटर पाणी पुरतें. मे महिन्यांत त्यालाच आठ-दहा लिटर लागतें. वीस चौरस मीटरांची बाग म्हणजे हिंवाळ्यांत पांच-सहा बादल्या, आणि मेमध्यें बारा-तेरा. इतकें पाणी कोणाच्या घरीं आहे ? म्हणून उन्हाळ्यांत बागेचा चौथा भागच राखावा, आणि त्यांत काकडी, दोडका, ढेमसें, गवार, भेंडी लावावीं. हीं पिकें मे उजाडण्यापूर्वीं बरेंचसें देऊन मोकळीं व्हावीं हा हेतु. तेव्हां बीं जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पडलें पाहिजे. येथें अडचण उलट आहे. जानेवारीची रात्र थंड असते, आणि भेंडीचें बीं थंड मातींत फुगून कुजतें. वेलभाज्यांसाठीं एक युक्ति आहे. पळसाच्या पानांच्या द्रोणांत माती व खत भरून, रात्रभर भिजविलेल्या दोन-दोन बिया त्यांत टोंचाव्या, आणि ते द्रोण टोपलींत मांडून दिवसा उन्हांत व रात्रीं चुलीच्या भिंतीशीं ठेवावे. तीन आठवड्यांनीं, दोन खरीं पानें आलीं म्हणजे, द्रोणासकट जमिनींत पुरावे. मूळ दुखावत नाहीं व द्रोण कुजून जातो. संक्रांतीला द्रोण भरले तर शिवरात्रीच्या आगेंमागें वेल मांडवाला हात लावूं लागतात. (शिवरात्र चंद्राची आहे, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल, संक्रांत मात्र सूर्याची.)

हा अंक मुलांच्या हातीं पडेल तेव्हां वार्षिक परीक्षा जवळ आलेली असेल, आणि नवीन रोप टाकण्याजोगा एकहि दिवस मेअखेरपर्यंत उरलेला नसेल. मधल्या दोन महिन्यांत रोपवाफ्याची जागा तापवून घ्यावी. ती खणून, चांगली भिजवून, तीवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणावें, कडा मातींत पुराव्या, व चार ते सहा आठवडे तसेंच राहूं द्यावें. एप्रिल-मेच्या उन्हानें आंतील माती इतकी तापते कीं बुरशी व तणाचें बीं बहुतेक मरून जातें. ज्या उन्हाला आपण इतकीं नांवें ठेवितों तें एवढें काम फुकट करितें.

दुसरें काम बियांचें. गतवर्षींचें उरलेलें बीं असेल तर त्यांतील वीस दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे आणि आठ-दहा दिवसांनीं मोजावे. पंधरा-सोळा फुटले तर बीं चांगलें; दहा फुटले तर दुप्पट टाकावें; त्याहून कमी फुटले तर नवीन आणावें. कांद्याचें बीं एका वर्षाहून जुनें घेऊंच नये, तें फार लवकर मरतें. घरच्या वांग्याचें बीं धरावयाचें असल्यास झाडावरच पिकून पिंवळें झालेलें फळ घ्यावें. मात्र पुडीवर ‘संकरित’ असें लिहिलेलें असेल तर त्या झाडाच्या बियांपासून तशींच झाडें येत नाहींत. निकामी निघालेली पुडी कोंबड्यांपुढें टाकण्याआधीं दाण्यांचा रंग पाहावा. गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिलेलें बीं विषारी औषध लावलेलें असतें. तें खोल पुरून टाकावें व हात साबणानें धुवावे.